नोटिशीची तारीख कोणी सिद्ध करायची?

“नोटीस उशिरा मिळाली असे तुमचे म्हणणे असेल, तर ते तुम्ही सिद्ध करा.” वेगमर्यादा ओलांडल्याच्या दंडाबद्दल तक्रार घेऊन जाणाऱ्या उपनगरातील टेम्पोवाल्याला, टॅक्सीचालकाला किंवा स्कूटरवरून कामावर जाणाऱ्या कारकुनाला हे, किंवा या अर्थाचे, वाक्य ऐकावे लागते. वरवर पाहता ते रास्त वाटते. जो विधान करतो त्याने पुरावा द्यावा, हा व्यवहारातला साधा नियम आहे. परंतु या एका वाक्याने कायद्याची घडीच उलटी केली जाते, आणि ती उलटी झाल्याचे ऐकणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. आरोप करणारे सरकार, पत्र पाठवणारे सरकार, ते पोहोचवणारे टपाल खातेही सरकारचे, आणि पत्र कधी निघाले व कधी पोहोचले याच्या नोंदवह्या सरकारच्याच कपाटात. तरीही पुरावा मात्र घाटकोपरच्या चाळीत राहणाऱ्या माणसाने आणायचा! या उफराट्या न्यायाची चिकित्सा आपल्या कार्यकर्त्यांनी करणे आवश्यक आहे. प्रश्न हजार-दोन हजार रुपयांचा दिसतो. पण नागरिकावर आरोप ठेवताना राज्यसंस्थेने स्वतःवर घालून घेतलेली बंधने ती पाळणार की नाही, हा त्यामागचा खरा प्रश्न आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. मोटार वाहन कायदा, 1988 यातील कलम 183 अतिवेगासंबंधी आहे आणि कलम 184 धोकादायक रीतीने वाहन चालवण्यासंबंधी. या दोन गुन्ह्यांपुरते कलम 209 असे बजावते की, तीन गोष्टींपैकी एकही घडली नसेल तर आरोपीला दोषी ठरवता येणार नाही. एक, गुन्हा घडला त्याच वेळी ‘तुमच्यावर खटला भरण्याचा विचार होईल’ अशी ताकीद त्याला दिलेली असली पाहिजे. दोन, गुन्ह्यापासून 14 दिवसांच्या आत गुन्ह्याचे स्वरूप, वेळ आणि ठिकाण नमूद केलेली नोटीस त्याच्यावर किंवा वाहनाच्या नोंदणीकृत मालकावर बजावलेली असली पाहिजे, अथवा रजिस्टर टपालाने पाठवलेली असली पाहिजे. तीन, 28 दिवसांच्या आत न्यायालयाचे समन्स त्याच्यावर बजावलेले असले पाहिजे. अपवाद दोनच: वाजवी प्रयत्न करूनही मालकाचे वा आरोपीचे नावगाव वेळेत कळू शकले नाही, किंवा आरोपीच्या स्वतःच्या वर्तनामुळे नोटीस बजावता आली नाही, अशी न्यायालयाची खात्री पटली तर.

ही मुदत कायदेमंडळाने उदार होऊन दिलेली सवलत नव्हे. रस्त्यावर हवालदार गाडी अडवतो तेव्हा चालकाला ठिकाण कळते, वेळ कळते, आपले म्हणणे तेथल्या तेथे मांडता येते. कॅमेऱ्याला तोंड नसते. पूर्व द्रुतगती महामार्गावर विक्रोळीजवळ आपले छायाचित्र निघाले याचा चालकाला पत्ताही नसतो. त्याला पंधरवड्यात कळले, तर त्या दिवशी गाडी कोण चालवत होते, मागे भरधाव ट्रक होता की काय, दवाखान्यात कोणाला नेत होतो काय, हे आठवण्याची शक्यता असते. सहा महिन्यांनी कळले तर काय आठवणार? उपनगरातील टॅक्सी आणि टेम्पो यांच्या बाबतीत तर मालक एक, दिवसपाळीचा चालक दुसरा आणि रात्रपाळीचा तिसरा अशी परिस्थिती असते. गाडी कोण चालवत होते याची माहिती देण्याचे बंधन कलम 133 मालकावर घालते. मालकाने उशिरा आलेल्या नोटिशीवरून ज्याच्याकडे बोट दाखवले त्याच्या मजुरीतून दंड कापला गेला, की प्रकरण मिटले. ज्याने गाडी चालवलीच नाही त्याने पैसे भरले हे कोणाच्याही दप्तरात नोंदले जात नाही. 14 दिवसांची मुदत आहे ती या अन्यायाला आळा घालण्यासाठी.

आता ‘उशीर’ या शब्दाकडे नीट पाहिले पाहिजे, कारण येथे आपल्या बाजूचे लोकही घोटाळा करतात. नोटीस रजिस्टर टपालाने पाठवली असेल, तर आपला कायदा ती 14 दिवसांच्या आत पाठवली की नाही एवढेच विचारतो. ती सोळाव्या दिवशी घरी पोहोचली एवढ्याने आरोपी सुटत नाही. परंतु नोटीस साध्या टपालाने आली असेल, तर ती ‘रजिस्टर टपालाने पाठवली’ असे म्हणताच येत नाही. मग ती 14 दिवसांत प्रत्यक्ष बजावली गेली हे दाखवणे भाग पडते. म्हणजे पहिल्या प्रकारात प्रश्न टपालात टाकल्याच्या तारखेचा आहे आणि दुसऱ्यात हाती पडल्याच्या तारखेचा. दोन्ही प्रकारांत कलम 209 ची अट पुरी झाली हे दाखवण्याची जबाबदारी खटला भरणाऱ्याची आहे.

गोम आहे ती तारखांच्या गफलतीत. समजा, महिन्याच्या 3 तारखेला कॅमेऱ्याने गाडी टिपली. नोटिशीच्या माथ्यावर 15 तारीख छापलेली आहे. 17 तारखेच्या आत म्हणून ती वेळेवर दिसते. परंतु पाकिटावरचा टपालाचा शिक्का 21 चा आहे, आणि पोस्टमनने ते 27 तारखेला चाळीत टाकले. कागद 15 ला तयार झाला, त्यावर सही झाली, आणि मग तो सहा दिवस कोठे पडून राहिला? कार्यालयात कागद छापला गेला म्हणजे नोटीस पाठवली गेली असे होत नाही. मात्र नागरिक पाकीट फाडून टाकतो आणि कागद जपून ठेवतो. जो पुरावा त्याला वाचवणार तो केराच्या टोपलीत जातो, आणि जो त्याला गोवणार तो फायलीत राहतो.

सरकारपक्ष येथे आपला हुकमी पत्ता काढतो: सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, 1897 याचे कलम 27. पत्ता बरोबर लिहून, तिकीट लावून, रजिस्टर टपालाने पत्र टाकले की ते टपालाच्या नेहमीच्या क्रमाने ज्या वेळी पोहोचायला हवे त्या वेळी पोहोचले, असे कायदा गृहीत धरतो. पुराव्याच्या कायद्यातही, पूर्वीच्या 1872 च्या आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही, नित्याचा व्यवहार नित्यक्रमाने पार पडला असे मानण्याची मुभा न्यायालयाला आहे. ठीक आहे. परंतु कलम 27 मध्येच ‘विरुद्ध सिद्ध होईपर्यंत’ ही मर्यादा घातलेली आहे. गृहीतक म्हणजे निकाल नव्हे. शिवाय या गृहीतकाचा लाभ घेण्यापूर्वी पत्ता बरोबर होता, टपालखर्च भरला होता आणि पत्र अमुक दिवशी प्रत्यक्ष टपालात पडले होते, हे पाठवणाऱ्याने दाखवले पाहिजे. जावक नोंदवही आणि टपालाची पावती पुढे न ठेवता केवळ ‘आमच्याकडून वेळेत गेले’ असे म्हणणाऱ्याला हे कलम कोणताही आधार देत नाही.

आणि या गृहीतकाच्या शेजारी दुसरा कायदा ठेवून पाहा. भारतीय टपाल अधिनियम, 1898 याच्या कलम 6 ने पत्र हरवणे, चुकीच्या ठिकाणी जाणे किंवा उशिरा पोहोचणे यांच्या दायित्वातून सरकारला मोकळे केले होते. तो कायदा गेला. 18 जून 2024 पासून 2023 चा नवा टपाल कायदा अमलात आला. पण विहित केले जाईल तेवढ्याखेरीज कोणतेही दायित्व नाही, हे तत्त्व नव्या कायद्यातही कायम राहिले. म्हणजे सरकार एका हाताने लिहून देते की टपालाच्या उशिराला आम्ही जबाबदार नाही, आणि दुसऱ्या हाताने लिहून घेते की टपाल वेळेवर पोहोचले असे समजावे! टपालाच्या दिरंगाईचा धोका स्वतः घ्यायचा नाही आणि तो दंड भरणाऱ्याच्या माथी मारायचा, याला न्याय म्हणत नाहीत. त्यात 2025 साली रजिस्टर टपालाची स्वतंत्र सेवा स्पीड पोस्टात विलीन करण्यात आली. ज्या सेवेच्या नावावर अनेक कायद्यांतील मुदती उभ्या आहेत ती अशी दुसऱ्या सेवेच्या पोटात गेल्यावर, कोणती पावती म्हणजे ‘रजिस्टर’ हे नागरिकाला सोप्या भाषेत सांगण्याचे कर्तव्य सरकारचे होते.

मुंबईच्या उपनगरांचा टपालव्यवहार ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना ‘टपालाचा नेहमीचा क्रम’ हे शब्द वाचून हसू येईल. पत्त्याला शिस्त लावण्याचे काम एका मराठी माणसानेच केले. संस्कृत पंडित आणि टपाल खात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली पिनकोडची पद्धत 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाली. पण पिनकोड पत्राला विभागापर्यंत नेतो, खोलीपर्यंत नाही. मुलुंड पश्चिमचे पत्र 400080 ऐवजी 400081 लिहिले गेल्याने रुळांपलीकडे पूर्वेला जाते, आणि तेथून फिरून येईपर्यंत मुदत संपते. झोपडवस्तीत दहा-दहा खोल्यांचे टपाल एका वाण्याच्या दुकानात ठेवले जाते. पुनर्विकासासाठी चाळ पाडली की दोनशे कुटुंबे संक्रमण शिबिरात जातात आणि गाडीच्या नोंदणीपुस्तकावर जुनाच पत्ता राहतो. पत्ता बदलल्याचे 30 दिवसांत कळवावे, असे कलम 49 म्हणते, हे खरे. कार्यकर्त्यांनी लोकांना ते बजावलेच पाहिजे. पण ज्या घराला एका सरकारी योजनेने हलवले, त्याच्या नव्या ठिकाणाची नोंद दुसऱ्या सरकारी खात्याला मिळू नये, आणि तो दोष मात्र चालकाच्या ‘वर्तनाचा’ ठरावा, हे कोणत्या न्यायात बसते?

हा प्रश्न आपल्याकडेच उभा राहिला असे नाही. ब्रिटनमध्ये अशा 14 दिवसांच्या नोटिशीचा नियम 1930 च्या रस्ते वाहतूक कायद्यापासून आहे. तेथे 2009 साली एका मोटारचालकाचा खटला उच्च न्यायालयापुढे आला. अतिवेगाची नोटीस पोलिसांनी साध्या पहिल्या वर्गाच्या टपालाने पाठवली होती. टपाल कामगारांच्या संपामुळे ती मुदत उलटून गेल्यावर पोहोचली. खालच्या न्यायालयांनी त्याला दोषी ठरवले होते. उच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. नोटीस मुदतीनंतर पोहोचली हे सिद्ध झाल्यावर, ‘नेहमीच्या क्रमाने ती वेळेत पोहोचली असती’ हे गृहीतक उरत नाही, असा त्या निकालाचा सारांश आहे. तेथील कायद्यातही रजिस्टर टपालाने पाठवलेल्या नोटिशीला वेगळे संरक्षण आहे. म्हणून त्या निकालाचे व्यावहारिक तात्पर्य असे निघते की, जे खाते स्वस्तातले टपाल निवडते त्याने त्या टपालाच्या उशिराचा धोकाही पत्करावा. ज्या देशाकडून आपण हे तत्त्व घेतले त्या देशात त्याचे मोल अजून शिल्लक आहे. आपण मात्र कलम तेवढे ठेवले आणि आशय सोडून दिला.

यावर उत्तर मिळते की, आता टपालाचा काळ गेला. चलान मोबाईलवर तात्काळ जाते. मुंबईत ई-चलान 2016 साली आले. केंद्र सरकारने 11 ऑगस्ट 2021 रोजी इलेक्ट्रॉनिक देखरेखीचे नियम अधिसूचित केले. गुन्ह्याची नोटीस 15 दिवसांच्या आत पाठवावी आणि चलान निकाली निघेपर्यंत इलेक्ट्रॉनिक नोंद जपावी, असे त्यांत म्हटले होते. म्हणजे यंत्रयुगातही मुदतीची गरज सरकारलाच मान्य करावी लागली. पण ज्या मोबाईल क्रमांकावर संदेश जातो तो कोणाचा? गाडी घेताना दलालाने आपलाच क्रमांक टाकलेला असतो, किंवा मालकाने जुना क्रमांक केव्हाच सोडलेला असतो. पोस्टमन निदान दार ठोठावत होता. संदेश गेला याची नोंद पुन्हा सरकारकडेच, आणि तो मिळाला नाही हे सिद्ध करायचे पुन्हा नागरिकाने! 2021 च्या सप्टेंबरातील राष्ट्रीय लोकअदालतीच्या आधी राज्यभरातील वाहनधारकांच्या मोबाईलवर थकीत चलानांच्या नोटिसा आल्या, तेव्हा वरातीमागून घोडे कसे येतात याचा अनुभव अनेकांनी घेतला. लोकअदालत ही तडजोडीची जागा आहे. तेथे दोन्ही पक्षांची संमती लागते. आणि ज्या गुन्ह्याला केवळ दंडाचीच शिक्षा आहे त्याची दखल घेण्यास फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यानेच सहा महिन्यांची मर्यादा घातली आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 514 मध्येही ती आहे. हे न सांगता तीन वर्षांपूर्वीच्या चलानाचे पैसे ‘सवलतीत’ गोळा करणे म्हणजे अज्ञानावर कर बसवणे होय. जुलै 2025 च्या आरंभी राज्यातील मालवाहतूकदारांनी ई-चलानाच्या प्रश्नावर संप पुकारला, तो काही हौसेने नव्हे.

येथे आपल्यातलेच काही सज्जन विचारतील: तुम्ही भरधाव गाड्या हाकणाऱ्यांची वकिली करता काय? हा आक्षेप टाळण्यासारखा नाही. पश्चिम द्रुतगती महामार्गावर रस्ता ओलांडताना जो चिरडला जातो तो बहुधा पायी चालणारा श्रमिकच असतो. वेगावर बंधन हवे, कॅमेरे हवेत, दंडही हवा, याबद्दल समाजवाद्यांच्या मनात संदेह असू शकत नाही. पण चार महिन्यांनी पोहोचलेल्या नोटिशीने कोणता अपघात टळला? दुसऱ्या दिवशी मिळालेली ताकीद चालकाला सावध करते. चार महिन्यांनंतरची पावती फक्त तिजोरी भरते. त्या चार महिन्यांत तोच चालक त्याच रस्त्यावरून शेकडो फेऱ्या मारून मोकळा झालेला असतो. ज्याला वेगाला आळा घालायचा आहे त्याला नोटीस लवकर जाण्याची घाई असली पाहिजे. उशिराचे समर्थन करणारा रस्ता सुरक्षेची भाषा बोलत असला, तरी त्याची नजर महसुलावर आहे. शिवाय हा दंड सर्वांना सारखा लागत नाही. कलम 183 नुसार हलक्या वाहनाला 1,000 ते 2,000 रुपये आणि मध्यम वा अवजड वाहनाला 2,000 ते 4,000 रुपये दंड होऊ शकतो. जुहूच्या बंगल्यातील मोटारीला ही रक्कम म्हणजे पेट्रोलच्या टाकीचा खर्च. साकीनाक्याच्या टेम्पोचालकाची ती कित्येक दिवसांची कमाई. पहिल्याकडे वकील असतो. दुसऱ्याने अंधेरीच्या न्यायालयात तारखेला जायचे तर त्या दिवसाची मजुरी बुडवायची. म्हणून तो भांडत नाही. पैसे भरतो, गुन्हा तडजोडीने मिटल्याची नोंद होते, आणि सरकार समजते की आरोप मान्य झाला.

नोटीस ही गरिबाच्या बाबतीत किती मोलाची गोष्ट आहे हे या शहराने चार दशकांपूर्वी देशाला शिकवले आहे. 1981 च्या पावसाळ्यात मुंबईच्या फूटपाथवरील झोपड्या उठवण्याचा आदेश निघाला, आणि ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. महापालिका कायद्यातील कलम नोटिशीशिवाय अतिक्रमण हटवण्याची मुभा देते, असा युक्तिवाद तेथे झाला. 10 जुलै 1985 च्या निकालात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने सांगितले की, मुभा आहे म्हणजे नोटीस देऊच नये असा अर्थ होत नाही. ज्याच्यावर कारवाई होणार त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी देणे हाच नियम आणि ती नाकारणे हा अपवाद. झोपडीवाल्यांना त्या निकालाने छप्पर वाचवून दिले नाही, हे दुःख आहेच. पण नोटीस हा कागदी उपचार नसून माणसाला माणूस म्हणून वागवण्याची रीत आहे, हे तत्त्व त्यातून उभे राहिले. वेगाची नोटीस त्याच तत्त्वाची लहानशी पण रोजची कसोटी आहे.

तेव्हा करायचे काय? कायदा बदलेपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. प्रत्येक शाखेने आपल्या वस्तीत काही गोष्टी रुजवाव्यात. सरकारी पाकीट कधीही फेकू नये; ते हाती पडताच त्यावर तारीख आणि वेळ लिहून शेजाऱ्याची सही घ्यावी. पाकिटावरचे दोन्ही शिक्के आणि रजिस्टर क्रमांक यांचे छायाचित्र त्याच दिवशी काढावे. क्रमांक असेल तर टपाल खात्याच्या संकेतस्थळावरील प्रवासाची नोंद छापून ठेवावी. मात्र तिला न्यायालयात साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चे प्रमाणपत्र लागते हे ध्यानात घेऊन पोस्टमास्तरांकडे लेखी अर्जही करावा. माहितीच्या अधिकाराखाली 10 रुपये शुल्क भरून, नोटीस कोणत्या दिवशी, कोणत्या क्रमांकाने टपालात टाकली, याचा जावक नोंदवहीतील उतारा संबंधित कार्यालयाकडे मागावा. 30 दिवसांत उत्तर देणे त्यांना बंधनकारक आहे. आणि या सर्वांआधी, आरोप मान्य नसेल तर दंड भरू नये, कारण भरलेल्या पैशाबरोबर वादही संपतो. लेखी हरकत घेऊन न्यायालयापुढे जाण्याचा हक्क बजावावा.

परंतु पाकिटे जपणारा दक्ष नागरिक हे या रोगावरचे औषध नव्हे. आपल्या मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. प्रत्येक नोटिशीवर ती तयार झाल्याच्या तारखेबरोबर टपालात टाकल्याची तारीख आणि टपालक्रमांक छापला जावा. तो नसेल तर नोटीस मुदतीनंतरची मानली जावी. मुदत पाळल्याचा पुरावा मागितल्यावाचून खात्याने पुढे ठेवावा. मुदत उलटलेली चलाने खात्याने आपण होऊन रद्द करावीत. ती लोकअदालतीत तडजोडीसाठी नेऊ नयेत. अंधेरी, बोरिवली, मुलुंड येथे संध्याकाळच्या वेळी हरकती ऐकल्या जाव्यात, म्हणजे न्याय मागण्यासाठी मजुरी बुडवावी लागणार नाही. यातील एकही मागणी क्रांतिकारक नाही. कायद्याने जी मुदत सरकारवर घातली आहे ती सरकारने पाळावी आणि पाळल्याचे दाखवावे, एवढेच आपण म्हणत आहोत. चालकाने ताशी किती वेगाने गाडी हाकली याचा हिशेब ज्यांना सेकंदाच्या अंशापर्यंत ठेवता येतो, त्यांना आपले पत्र कोणत्या दिवशी निघाले एवढे सांगता येऊ नये काय? ते सांगण्याची सक्ती सरकारवर झाली पाहिजे, आणि ती सक्ती करण्याचे काम आपले आहे.